ईळाने पुरलेली कुऱ्हाड

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी कुऱ्हाड वाटतच नाही. मला दांडा नाही आणि दांडा घालायला भोकही नाही. हिरवा गंज चढलेली एक चपटी पट्टी, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला पसरलेली, एवढंच माझं रूप. पण मी कुऱ्हाडच आहे, तांब्याची. लोखंड अजून कोणाला ठाऊक नव्हतं, तेव्हाचा माझा जन्म. माझ्या अंगाला दोन माणसांचं रक्त लागलेलं आहे. हे मुलांना सांगावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी ठरवलं की सांगावं.

आज जिला तुम्ही प्रवरा म्हणता, तिच्या काठी चाळीस-पन्नास झोपड्यांचं एक गाव होतं. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, दारात चूल. तिथे दाबू नावाचा तांबट राहत होता. उत्तरेकडून बैलांच्या पाठीवर शंख आणि मणी घेऊन लोक येत. त्यांच्याकडून त्याने तांब्याचा एक ओबडधोबड गोळा घेतला आणि बदल्यात धान्य दिलं. तो गोळा म्हणजे मी.

दाबूने मला मुशीत घातलं. त्याची मुलगी ईळा पोकळ बोरूने निखाऱ्यांवर फुंकत होती. फुंकून फुंकून तिचे गाल लाल झाले आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण तिने बोरू सोडला नाही. मी वितळले. दाबूने मला मातीच्या साच्यात ओतलं, थंड झाल्यावर गोट्याने ठोकून माझी धार पातळ केली आणि एका चिरलेल्या दांड्यात बसवून चामड्याच्या वादीने घट्ट बांधलं.

त्या गावातली मी पहिलीच तांब्याची कुऱ्हाड. बाकी सगळ्या दगडाच्या. दगडी कुऱ्हाडीला जी बाभूळ पाडायला दोन दिवस लागत, ती मी अर्ध्या दिवसात पाडत असे. मी रान साफ केलं आणि तिथे सातू पिकला. मी खांब तोडले आणि नवी घरं उभी राहिली. पेरणीच्या दिवशी बायका मला गेरूचं बोट लावत. दाबू तर मला लेकीसारखं जपायचा. संध्याकाळी हाताने पुसून, धारेवरून अंगठा फिरवूनच तो मला आढ्याला टांगत असे.

ईळा मोठी झाली. ती फार सुरेख मडकी करायची. लाल मडक्यांवर काळ्या रेषांची नक्षी काढायची. तिचं लग्न नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावातल्या नेरूशी झालं. नेरू उंच आणि हसरा होता. गोफण तर अशी चालवायचा की उडतं पाखरू खाली पडावं. सासऱ्याला तो मामा म्हणायचा. तुम्ही म्हणता तसंच. त्यांच्या भाषेतला शब्द वेगळा होता, पण माया तीच होती.

मित्रांनो, मी नवी होते तेव्हा गावात सगळ्यांची घरं सारखीच होती. घराघरात धान्याची कणगी असे. मग हळूहळू शेतं वाढली, शेतांना पाणी लागलं, पाण्यासाठी चर खणावा लागला. चर खणायचा म्हणजे दहा माणसांना कामाला लावणारा कोणीतरी हवा. तो झाला हारम. हारम हुशार होता, यात शंका नाही. त्याने नदीपासून शेतापर्यंत पाणी आणलं. दुष्काळात उपयोगी पडावं म्हणून प्रत्येकाकडून टोपलीभर धान्य घेऊन त्याने एक मोठी कणगी भरली. ती कणगी त्याच्याच घराशेजारी होती. काही वर्षांनी त्याचं घर पाच खोल्यांचं झालं आणि लोक त्याच्यासमोर उभं राहून बोलू लागले.

मग लागोपाठ तीन वर्षं पाऊस नीट झाला नाही. नदीची धार बारीक झाली. वरच्या गावाने लाकडं आणि माती टाकून त्या धारेवर बंधारा घातला आणि आमच्या चरात पाणी यायचं बंद झालं. हारमने दोनदा माणसं पाठवली. पहिल्यांदा ती रिकाम्या हाताने परत आली. दुसऱ्यांदा त्यांच्यातल्या एकाचं डोकं फुटलेलं होतं.

त्या दिवशी हारम स्वतः दाबूच्या दारात आला.

"उद्या पुढे तू राहायचं," तो म्हणाला. "आपल्याकडे तांब्याचं पातं एकच आहे."

"ही झाडांसाठी केलेली आहे," दाबू म्हणाला. "माणसांवर मी ती उचलणार नाही. माझी लेक आहे तिथे."

हारम शांतपणे म्हणाला, "माणसांवर कोण उचल म्हणतंय? बंधाऱ्यात लाकडं आहेत. तू लाकडं तोड. माणसांचं आम्ही पाहू."

 दाबूने मान डोलावली. लाकडं तोडायला काय हरकत आहे, असं त्याने मनाशी म्हटलं असेल. मलाही तसंच वाटलं. आजवर मी लाकडंच तोडत आले होते.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तेव्हा आम्ही बंधाऱ्यापाशी पोहोचलो. आमची तीस माणसं होती. समोरून गोफणीतून भाजलेल्या मातीचे गोळे सुटू लागले. पहिला गोळा हारमच्या भावाच्या तोंडावर बसला. दात फुटल्याचा आवाज मला अजून आठवतो. मग दोन्हीकडची माणसं एकमेकांवर कोसळली. दगडी कुऱ्हाडी, काठ्या, हाताला येईल ते. काल-परवापर्यंत एकमेकांच्या लग्नात जेवलेली माणसं एकमेकांची डोकी चिखलात दाबून धरत होती. कोणी ओरडत होतं, कोणाला ओरडताही येत नव्हतं.

दाबू खाली वाकून बंधाऱ्याची लाकडं तोडत होता. इकडेतिकडे बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. एक ओंडका तुटला, दुसरा तुटला. तिसऱ्यावर घाव बसताच बंधारा कुरकुरला आणि मातीतून पाणी फुसफुसू लागलं. आणखी क्षणभर तो तिथे उभा राहिला असता तर सगळा ढिगारा त्याच्या अंगावर आला असता. पण त्याला ते कळलं नव्हतं.

तेवढ्यात मागून कोणीतरी त्याचा खांदा धरला आणि जोराने ओढला.

दाबू वळला. वळतानाच त्याने मला फिरवलं.

"मामा!" एवढंच ऐकू आलं.

तो नेरू होता. त्याची गोफण कमरेला खोचलेली होती आणि दोन्ही हात रिकामे होते. सासऱ्याला पाण्यातून बाहेर ओढायला तो धावत आला होता. मी त्याच्या मानेत शिरले. मित्रांनो, लाकूड फाटतं तेव्हा ते मला थोडं अडवतं. माणसाने मला जवळजवळ अडवलंच नाही.

दाबूने त्याला दोन्ही हातांनी धरलं. बंधारा फुटला तो तेव्हाच. पाण्याने दोघांनाही आणि मलाही काठावर फेकलं. दाबू जिवंत होता. नेरू नव्हता.

ज्या पाण्यासाठी हे सगळं झालं, ते एका दुपारीत वाहून गेलं. जाताना आमच्या शेतांतला उभा सातूही घेऊन गेलं. तीन दिवसांनी वरच्या गावाची माणसं पेटते पलिते घेऊन आली. त्यांनी मोठी कणगी पेटवली. हारम धान्य वाचवायला आत शिरला आणि बाहेर आलाच नाही. गवताची छपरं एकामागून एक पेटत गेली. म्हाताऱ्या माणसांना पळता आलं नाही. जळलेल्या सातूचा वास गावावर कितीतरी दिवस होता, आणि त्या वासात दुसराही एक वास होता. तो मी तुम्हाला सांगत नाही.

पाचव्या दिवशी ईळा आली, पायी. पाठीला बाळ बांधलेलं होतं, सहा महिन्यांचं. दाबू जळलेल्या घरासमोर बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"आबा, त्याला कोणी मारलं?" तिने विचारलं.

 दाबूने मला उचललं आणि तिच्या पायांपाशी ठेवलं. ईळाने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. माझ्या वादीत वाळलेलं रक्त होतं. तिने मला दोन्ही हातांनी उचललं. दाबूने मान खाली घातली आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता दुसरा घाव.  पण पाठीवरचं बाळ रडायला लागलं. ईळाने मला जमिनीवर टाकलं आणि त्याला पदराखाली घेतलं.

त्या उन्हाळ्यात खायला काहीच उरलं नव्हतं. ईळाला दूध येईना. बाळ आधी रडायचं, मग रडणंही थांबलं. ते गेलं त्या दिवशी ईळाने स्वतः केलेली दोन मडकी घेतली. घराच्या जमिनीत खड्डा करून तिने बाळाला त्यांत निजवलं आणि मडक्यांची तोंडं एकमेकांना जुळवली. त्या काळी लेकराला घरातच पुरायचे, आईपासून लांब जाऊ नये म्हणून. मग तिने माझी वादी सोडली, दांडा चुलीत घातला आणि मला त्या मडक्यांच्या शेजारी ठेवलं.

"याचा बाप हिने नेला," ती बापाला म्हणाली. "आता याला हिनेच राखावं."

वर माती आली. थोड्या दिवसांनी उरलेली माणसं शेळ्या-मेंढ्या घेऊन निघून गेली. गाव पुन्हा वसलं नाही.

मी राखण करत राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. वरून किती काळ गेला, ते मला मोजता आलं नाही. भिंती पडून त्यांची माती झाली, मातीचं टेकाड झालं, टेकाडावर बोरी उगवल्या. लोक त्याला पांढरी म्हणू लागले. राखेमुळे माती पांढरट झाली होती ना. ती राख कोणाच्या घरांची, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मग अलीकडे एका सकाळी जमीन हादरू लागली.

ते टेकाड आप्पासाहेबांच्या वाट्याच्या जमिनीत होतं. आप्पासाहेब गावातले मोठे बागायतदार. पांढरीची माती उसाच्या रानात टाकली की पीक जोमाने येतं, आणि टेकाड सपाट झालं की तेवढंच रानही वाढतं, म्हणून त्यांनी जेसीबी लावला होता. जेसीबी चालवत होता कमरुद्दीन, तिसगावचा. मातीतले दगड वेचायला मुक्ताबाई होत्या. साठीच्या घरातल्या, काटक, आणि बोलायला फटकळ.

लोखंडी दात माझ्या डोक्यावरून गेले. मी ज्यांच्या शेजारी इतकी वर्षं पडून होते ती मडकी एका क्षणात फुटली. इतकी नाजूक हाडं, मित्रांनो, पाखराची वाटावीत. ती आणि मी एकदमच उन्हात आलो.

कमरुद्दीनने यंत्र बंद केलं. तो खाली उतरला, गुडघ्यांवर बसला आणि मातीत पाहत राहिला.

"काय रे, थांबलास का?" बांधावरून आप्पासाहेबांनी विचारलं.

"शेठ, लेकराची हाडं हायेत. मडक्यात पुरलेलं हाय कुनीतरी."

"आसतील. लई जुनी आसतील. चालव."

"माज्याच्यानं न्हाई व्हायचं," कमरुद्दीन म्हणाला. "तैसिलात कळवा. सरकारी मानसं येऊ द्या, बगू द्या. मग चालवतो."

आप्पासाहेबांच्या शेजारी त्यांचा मुलगा अमृत उभा होता. तिशीचा, दणकट. सरकारी माणसं आली की काम बंद पडणार आणि रान अडकून राहणार, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. तो तरातरा खाली आला.

"तुला मशीन चालवायला आनलंय का आमाला शानपन शिकवायला?"

"दादा, तुमच्या घरात बी लेकरं हायेत," कमरुद्दीन म्हणाला.

बस, एवढंच तो बोलला. अमृतने बांधाशी उभ्या असलेल्या बैलगाडीतली काठी उपसली आणि त्याच्या पाठीत घातली. कमरुद्दीन पडला. दुसरी काठी बरगडीत, तिसरी कानावर. कानातून रक्त आलं. त्याने हाताने डोकं झाकलं तर बोटांवर काठी बसली. मुक्ताबाई ओरडत होत्या, "आरं सोड, मरंल त्यो!" आप्पासाहेबही "आमृत, पुरं" म्हणाले, पण हळू आवाजात.

कमरुद्दीनचा दुसरा हात मातीत चाचपडत होता. त्याच्या मुठीत मी आले.

मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. तो उठला आणि त्याने मला फिरवलं. धार कधीच बोथट झाली होती, पण वजन तेवढंच होतं. अमृतच्या खांद्यावर मी बसले. हाड मोडलं, मांस फाटलं आणि माझ्या हिरव्या गंजावरून रक्ताचा ओघळ गेला. अमृत गुडघ्यांवर कोसळला. त्याचं डोकं आता कमरुद्दीनच्या छातीएवढ्या उंचीवर होतं. उघडं, समोर. कमरुद्दीनने मला पुन्हा वर नेलं. त्याच्या डोळ्यांत काहीच दिसत नव्हतं.

मी खाली आले नाही.

मुक्ताबाईंनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं होतं. त्यांच्या हातांतलं घमेलं खाली पडून अजून फिरत होतं. त्याने हिसका दिला, त्या फरफटल्या, त्यांचा गुडघा दगडावर सोलला गेला, पण त्यांनी मनगट सोडलं नाही.

"कमरू, माज्याकडं बग," त्या म्हणाल्या. "माज्याकडं बग, लेकरा. त्या बाळासाटी हात थांबवला हुतास ना? मग आता बी थांबव."

तो त्यांच्याकडे पाहत राहिला. श्वास भात्यासारखा चालला होता. मग त्याची बोटं सैल झाली आणि मी मुक्ताबाईंच्या ओच्यात पडले.

मुक्ताबाईंनी डोक्याचा पदर फाडून अमृतचा खांदा आवळून बांधला. आप्पासाहेब थिजल्यासारखे उभे होते. "उबं काय ऱ्हायलाय, गाडी आना!" असं त्यांनीच आप्पासाहेबांना सुनावलं. एकाच जीपमध्ये, एकाच बाकावर, मारलेला आणि मारणारा दोघेही दवाखान्यात गेले.

पुढे पोलीस आले, पंचनामा झाला. मला कागदात गुंडाळून, लाखेचा शिक्का मारून एका कोठडीत ठेवलं. तिथे चाकू होते, गज होते, एक क्रिकेटची बॅट होती. धूळ खात मी तिथे दोन वर्षं काढली. कोणी मला ओळखत नव्हतं. माझं नाव होतं 'हत्यार, एक नग'.

खटला उभा राहिला तेव्हा मला न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवलं गेलं. अमृत साक्षीला आला. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून शपथ घेताना त्याने डावा हात वर केला. आरोपीच्या पिंजऱ्यात कमरुद्दीन उभा होता. त्याला एका कानाने ऐकू येत नव्हतं, म्हणून तो मान तिरकी करून ऐकत होता. मागच्या बाकावर आप्पासाहेब होते आणि त्यांच्यापासून दोन हात अंतर राखून मुक्ताबाई.

सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमच्यावर वार झाला तो याच वस्तूने?"

अमृत माझ्याकडे पाहत राहिला. मागे आप्पासाहेब खाकरले. त्यांनी घरी त्याला काय बोलायचं ते शिकवून आणलं असावं. 

"व्हय, हिनंच," अमृत म्हणाला. मग त्याने घसा साफ केला. "पन साहेब, आदी मी काठी घेतली हुती. तो खाली पडल्यावर बी मी मारत हुतो. तो नुसता काम थांबवा म्हनत हुता. आन् मुक्तामावशीनं हात धरला म्हनून मी आज हितं उबा हाय."

कमरुद्दीनला नीट ऐकू आलं नाही. त्याने शेजारच्या शिपायाला विचारलं, "काय म्हनला?" शिपायाने त्याच्या चांगल्या कानाशी वाकून सांगितलं. कमरुद्दीनने कठड्यावर डोकं टेकवलं आणि तो रडू लागला.

पुढे अमृतवरही मारहाणीचा खटला चालला. शिक्षा दोघांनाही झाली, पण कमी झाली. टेकाडाचा अर्धा भाग आधीच उसाच्या रानात गेला होता. राहिलेल्या अर्ध्याला आता तारेचं कुंपण आहे. ईळाच्या बाळाची जेवढी हाडं सापडली, ती कापसात ठेवून एका पेटीत ठेवली आहेत. मी शहरातल्या एका संग्रहालयात काचेच्या कपाटात आहे. तुमच्यासारखी मुलं सहलीला येतात, काचेला नाक लावतात आणि म्हणतात, "एवढीशी?"

मित्रांनो, तुमच्या गावाजवळ कुठे पांढऱ्या मातीचं टेकाड असेल, तर तिथे पाऊल जपून टाका. खापर सापडलं तर लाथाडू नका, मोठ्यांना दाखवा. खाली कोणाचं तरी घर आहे आणि त्या घरात कदाचित लेकरू निजलेलं आहे. एवढी माझी विनंती आहे.

आणखी एक सांगते. मला धार आहे, वजन आहे, पण मला थांबता येत नाही. दाबूला मी आवडत होते, तरी मी थांबले नाही. कमरुद्दीन मनाने भला होता, तरी मी थांबले नाही. इतक्या वर्षांत मला एकदाच कोणीतरी थांबवलं, आणि तेव्हा त्या बाईच्या हातात काहीही नव्हतं.